प्रवाळांच्या टाकींतील शेवाळ



काचेच्या पेटींत मासे पाळण्याची हौस मुंबईला नवी नाहीं. १९५१ सालीं मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलें, आणि मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांनीं समुद्रांतील जीव प्रथम पाहिले ते तेथेंच, काचेआड. पुढें ही हौस घराघरांत शिरली. आधीं गोड्या पाण्याच्या टाक्या आल्या, मागून खाऱ्या पाण्याच्या आल्या. आणि आज अंधेरीपासून बोरिवली-गोराईपर्यंतच्या उपनगरांत अशीं घरें आढळतात, कीं जेथें दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यांत निळसर दिव्याखालीं जिवंत प्रवाळ उमललेलें असतें. या हौसेंत पडणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला एक अडचण केव्हांना केव्हां गांठतेच. ती अडचण म्हणजे शेवाळ. तिचाच विचार आज करावयाचा आहे.

प्रकार बहुधा असा घडतो. टाकी मांडून दोन-तीन महिने झालेले असतात. काच स्वच्छ, पाणी नितळ, प्रवाळ टवटवीत. मग एके दिवशीं खडकाच्या कडेला हिरव्या तंतूंचा लहानसा झुबका दिसतो. पंधरा दिवसांत तो वीतभर पसरतो, प्रवाळाच्या अंगावर चढतो, त्याचा प्रकाश अडवितो, भोंवतालच्या पाण्याचा ओघ मंद करतो, आणि त्या जिवाच्या कडा मरूं लागतात. घरधनी घाबरून दुकानीं धांव घेतो आणि शेवाळ मारणारी एखादी बाटली घेऊन येतो. शेवाळ आठ दिवस दिसेनासें होतें; महिन्याच्या आंत पुन्हां उभें राहतें, आणि या वेळीं प्रवाळहि पूर्वीइतकें सशक्त नसतें. असें कां व्हावें? कारण शेवाळ हा रोग नव्हे; तें केवळ लक्षण आहे. टाकींत जेवढें पोषण आपण घालतों तेवढें तींतून बाहेर निघत नाहीं, आणि उरलेल्या शिलकेवर शेवाळ जगतें. शिल्लक तशीच ठेवून शेवाळ मारणें, म्हणजे वहीचें पान फाडून कर्ज फिटलें असें समजणें होय.

हा जमाखर्च निसर्ग कसा सांभाळतो, तें पाहावयाचें असल्यास फार लांब जावयास नको. बोरिवलीच्या बाजूच्या धक्क्यावरून होडीनें गोराई गांवाकडे जातांना जी खाडी ओलांडावी लागते, ती नीट न्याहाळावी. दिवसांतून साधारणतः दोन वेळां भरती येते, दोन वेळां ओहोटी लागते. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या किनाऱ्यावर पाण्याचा चढउतार चार मीटरांहून अधिक होतो. भांगाच्या दिवसांत तो बराच कमी असतो. प्रत्येक ओहोटीबरोबर खाडींतील कुजकीं द्रव्यें समुद्राकडे वाहून जातात. दोन्ही तीरांवरचीं तिवरांचीं झाडें चिखलांतील पोषण शोषून घेऊन त्याचें पान आणि लांकूड बनवितात. चिखलाच्या पोटांत, जेथें प्राणवायु पोंचत नाहीं, तेथें सूक्ष्म जंतु नायट्रेटचें विघटन करून त्यांतील नत्रवायु हवेंत सोडून देतात. आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर लहान-मोठ्या शंखांची फौज शेवाळ खरवडून खात असते. असे हे चार कामगार रात्रंदिवस राबतात, म्हणून खाडी जिवंत राहते.

त्यांच्या शक्तीलाहि मर्यादा आहेच. गोराईच्या खाडीकांठीं १९७२ पासून २००७ पर्यंत शहराचा कचरा टाकला जात होता. पुढें ती जागा शास्त्रीय रीतीनें झांकून बंद करण्यांत आली. उपनगरांचें सांडपाणी तर अजूनहि खाड्यांना मिळतें. जमेची बाजू अशी वाढत गेली, तर तिवरांनीं आणि भरती-ओहोटीनें तरी किती पुरें पडावें? मग आपल्या दोनशें लिटरांच्या पेटीची काय कथा! तिला ना ओहोटी, ना तिवर, ना खोल चिखल. तेथें हें सर्व काम मालकाच्या हातांनींच व्हावयाचें असतें.

आतां प्रत्यक्ष आंकडे पाहूं. माशांच्या कोरड्या खाद्यांत फॉस्फरसचें प्रमाण शेंकडा एक आहे असें धरूं. तें साधारणतः त्याच्या आसपास असतें. म्हणजे एक ग्रॅम खाद्यांत १० मिलिग्रॅम फॉस्फरस, आणि त्याचें फॉस्फेट झालें म्हणजे सुमारें ३० मिलिग्रॅम. कांहीं भाग माशांच्या अंगीं लागतो हें खरें. पण बराचसा विष्ठेवाटे आणि न खाल्लेल्या कणांवाटे पाण्यांतच येतो. सगळाच आला असें मानलें, तर २०० लिटर पाण्यांत त्याचें प्रमाण लिटरला ०.१५ मिलिग्रॅम भरतें. प्रवाळांच्या टाकींत फॉस्फेट लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आंत असावें, असा हौशी लोकांत सर्वसाधारण दंडक आहे. म्हणजे चहाच्या चमच्याच्या तळाशीं मावेल एवढें खाद्य एका दिवसांत ती मर्यादा ओलांडूं शकतें.

याचाच पुढला हिशेब करूं. रोज अर्धा ग्रॅम खाद्य घातलें, तर आठवड्याला साडेतीन ग्रॅम होतें, आणि पाण्यांत लिटरमागें सुमारें अर्ध्या मिलिग्रॅमची भर पडते. दर रविवारीं आपण टाकींतील दहावा हिस्सा पाणी बदलतों असें समजा. त्या वेळीं टाकींत जेवढें फॉस्फेट असेल, त्याचाहि दहावा हिस्साच बाहेर जाणार. दुसऱ्या कोणत्याहि वाटेनें तें बाहेर पडत नसेल, तर हा दहावा हिस्सा आठवड्याच्या भरीइतका होईपर्यंत शिल्लक वाढतच राहील, आणि ती थांबेल लिटरला ५ मिलिग्रॅमवर. म्हणजे मर्यादेच्या पन्नासपट! केवळ पाणी बदलून शेवाळ कां हटत नाहीं, याचें उत्तर या साध्या त्रैराशिकांत आहे. पाणी बदलणें हितकर खरेंच; परंतु एकट्या त्या उपायावर विसंबून चालत नाहीं.

येथें दोन गोष्टी फसवितात. पहिली अशी कीं, टाकी हिरवीगार झालेली असतांना पाणी तपासलें तर फॉस्फेट आणि नायट्रेट पुष्कळदां शून्याजवळ निघतें. मालकाला वाटतें, पाणी निर्दोष आहे. वस्तुतः पाण्यांत तें उरलेलें नसतें, कारण तें शेवाळाच्या पोटांत गेलेलें असतें. म्हणून शेवाळ किती वाढलें आहे, हेंहि परीक्षेंतलेंच एक माप समजावें. दुसरी गोष्ट खडकांची. टाकींतील खडक चुनखडीचे असतात, आणि चुनखडी फॉस्फेट स्वतःवर धरून ठेवते. पाण्यांतील प्रमाण उतरूं लागलें कीं, ती आपला सांठा हळूहळू सोडूं लागते. त्यामुळें योग्य उपाय सुरू केल्यावरहि कित्येक आठवडे गुण दिसत नाहीं, आणि नेमक्या याच वेळीं अधीर माणूस उपाय बदलतो.

शेवाळाशीं वैर करण्यापूर्वीं त्याची आणि प्रवाळाची जुनी मैत्रीहि ध्यानांत घेतली पाहिजे. प्रवाळ हा प्राणी आहे, वनस्पति नव्हे. पण रीफ बांधणाऱ्या बहुतेक प्रवाळांच्या अंगांत कोट्यवधि एकपेशीय शैवलें राहतात. तीं प्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्याचा फार मोठा वांटा आपल्या यजमानाला देतात. १९२८-२९ सालीं सी. एम. यंग यांच्या नेतृत्वाखालीं ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर जी मोहीम गेली, तिनें या सहवासाचा कसोशीनें अभ्यास केला. आणि १९४४ सालीं पालाऊ बेटावरील संशोधनांतून कावागुती या जपानी शास्त्रज्ञांनीं हीं शैवलें डायनोफ्लॅजेलेट वर्गांतील असल्याचें दाखविलें. पाणी फार तापलें म्हणजे प्रवाळ आपल्या या भाडेकरूंना गमावतें आणि पांढरें पडतें. त्यालाच प्रवाळांचें विरंजन म्हणतात. सांगावयाचें तें असें कीं, ‘सर्व शेवाळ मारणारें’ म्हणून जें औषध आपण टाकींत ओततों, तें खडकावरचें शेवाळ आणि प्रवाळाच्या अंगांतलें शैवल यांत भेद करीलच, अशी खात्री कोणी द्यावी?

समुद्रांत या दोघांचा तोल कोण राखतो? शेवाळ खाणारे प्राणी. याचा मोठा दाखला कॅरिबियन समुद्रांत मिळाला. तेथील खडकांवर लांब काळ्या कांट्यांचे सागरी साळू, म्हणजे डायाडेमा, अमाप होते. १९८३ च्या आरंभीं पनामाजवळ त्यांच्यांत सांथ सुरू झाली, आणि वर्ष-सव्वा वर्षांत त्या सबंध समुद्रांतले बहुतेक सारे साळू मेले. जमेकाच्या किनाऱ्यावर शेवाळ खाणारे मासे आधींच अतोनात मासेमारीनें कमी झालेले होते, आणि १९८० च्या वादळानें प्रवाळें मोडलेलीं होतीं. साळूहि गेल्यावर जेथें १९७० नंतरच्या दशकांत निम्म्याहून अधिक तळ जिवंत प्रवाळानें झांकलेला होता, तेथें १९९० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत शेंकडा पांचहि उरला नाहीं. बाकी सर्वत्र शेवाळ. खाणारा नाहींसा झाला आणि खाद्य वाढलें, कीं काय होतें, तें एवढ्या मोठ्या प्रमाणावर क्वचितच पाहावयास मिळालें असेल.

आतां उपायांकडे वळूं. प्रथम शत्रु ओळखावा, कारण सर्वांना एकच उपाय लागू पडत नाहीं. नव्या टाकींत पहिल्या कांहीं आठवड्यांत वाळूवर आणि काचेवर जी तपकिरी भुकटी दिसते, ते बहुधा डायटम. पाण्यांतील सिलिकेवर ते वाढतात, आणि ती संपली कीं बहुधा आपोआप ओसरतात. त्यांच्यासाठीं घाबरूं नये. हिरवें केसाळ शेवाळ ही खरी शिल्लक. तें पोषणाच्या अतिरेकाचें चिन्ह आहे. हिरवे कांचेच्या मण्यांसारखे फुगे दिसले, तर तें व्हॅलोनिया. ते मणी न फोडतां, देठासकट काढावे. वाळूवर किरमिजी, लोळ्यासारखा, बोटानें सालीप्रमाणें उचलतां येणारा थर हें शेवाळच नव्हे. ते नीलहरित जंतु होत. ते नळीनें ओढून घ्यावे आणि तेथें पाण्याचा ओघ वाढवावा. त्यांच्यावर प्रतिजैविक औषध घालणारे लोक आहेत. पण टाकीची विष्ठा पचविणारे उपयुक्त जंतुहि त्या औषधानें दुखावूं शकतात, हें विसरूं नये.

पांचवा प्रकार सर्वांत कपटी. तपकिरी चिकट तारा, त्यांत अडकलेले हवेचे बुडबुडे, दिवसा वाढणाऱ्या आणि रात्रीं बऱ्याचशा नाहींशा होणाऱ्या. हे स्वतंत्र राहणारे डायनोफ्लॅजेलेट. ते बहुधा तेव्हां माजतात, जेव्हां अतिउत्साही मालकानें फॉस्फेट आणि नायट्रेट अगदीं शून्यावर नेऊन ठेवलेलें असतें आणि त्यांच्याशीं स्पर्धा करणारें दुसरें सूक्ष्म जीवन उपाशीं मेलेलें असतें. येथें उपाय उलटा करावा लागतो: पोषण थोडें वाढवावें लागतें. म्हणून शंका आली, तर साध्या सूक्ष्मदर्शकाखालीं एक थेंब पाहून मगच हात घालावा. एकंदरींत, शून्य हें ध्येय नव्हे. नायट्रेट लिटरला २ ते १० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम यांच्या दरम्यान स्थिर राहिलें, तर बहुतेक प्रवाळें सुखानें वाढतात. उपाशी प्रवाळ हें शेवाळानें वेढलेल्या प्रवाळाइतकेंच दुबळें असतें.

केसाळ शेवाळाचा बंदोबस्त पुढील क्रमानें करावा.

पहिलें पाऊल जमेच्या बाजूला. भातसा, वैतरणा आणि तानसा या जलाशयांचें जें पाणी आपल्या नळाला येतें, तें पिण्यास उत्तम. पण त्यांत क्लोरीन असतो, सिलिका असते, आणि कित्येक विरघळलेले क्षार असतात. प्रवाळांसाठीं तें गाळून, आर.ओ. यंत्रांतून व त्यापुढें क्षार पूर्णपणें शोषणाऱ्या राळेच्या नळीतून नेलें पाहिजे. स्वयंपाकघरांतलें आर.ओ. यंत्र या कामीं पुरत नाहीं; तें कांहीं क्षार सोडतें, आणि पुष्कळ यंत्रें चवीसाठीं क्षार परतहि मिसळतात. टी.डी.एस. मोजण्याचें यंत्र शून्य दाखवील तेंच पाणी वापरावें. मुंबईच्या एप्रिल-मे महिन्यांत याचें महत्त्व दुप्पट होतें. उन्हाळ्यांत टाकी थंड ठेवण्यासाठीं आपण तिच्यावर पंखा लावतों, आणि पाणी रोज लिटर-दोन लिटर आटतें. आटतें तें शुद्ध पाणी. मीठ मागें राहतें. ती तूट नळाच्या पाण्यानें भरून काढली, तर रोज थोडे थोडे क्षार टाकींत सांठत जातात, आणि श्रावण येईपर्यंत खडक हिरवे झालेले असतात.

कांहीं जण विचारतात: समुद्र एवढा जवळ असतांना मिठाचे डबे विकत कशाला घ्यावे? गोराईच्या खाडीचें पाणी कां भरून आणूं नये? त्याचें कारण तीच खाडी सांगते. तिच्यांत सांडपाणी आहे, गाळ आहे, आणि पावसाळ्यांत तिचा खारेपणा झपाट्यानें उतरतो. प्रवाळाला हवें असतें दर हजारीं सुमारें ३५ भाग क्षारांचें, म्हणजे २५ अंश सेल्सिअसला सुमारें १.०२६ विशिष्ट गुरुत्वाचें, आणि दिवसेंदिवस न बदलणारें पाणी. खाडीपासून धडा घ्यावा. पाणी घेऊं नये.

दुसरें पाऊल अन्नाचें. एक-दोन मिनिटांत मासे संपवितील तेवढेंच घालावें. गोठविलेलें खाद्य असल्यास तें चहाच्या गाळणींत वितळवून, स्वच्छ पाण्यानें धुऊन मग द्यावें. त्या वितळलेल्या रसांतच पुष्कळसें फॉस्फेट असतें. माशांची संख्या टाकीच्या मानानें अधिक असेल, तर ती कमी करण्यावांचून गत्यंतर नाहीं.

तिसरें पाऊल हातांचें, आणि तेंच लोक टाळतात. शेवाळ उपटून काढावें. हालवितां येण्याजोगा खडक टाकींतून काढलेल्याच पाण्याच्या बादलींत धरून जुन्या दांतांच्या ब्रशानें घासावा, आणि तें गढूळ पाणी फेंकून द्यावें. खडक टाकींत ठेवूनच घासला, तर तुकडे उडून दुसरीकडे रुजतात. म्हणून तसें करावें लागल्यास शेजारीं नळी धरून ते ओढून घ्यावे. उपटलेली प्रत्येक मूठ म्हणजे कायमचें बाहेर गेलेलें फॉस्फेट आणि नायट्रेट. एक तास घातलेला हा घाम कित्येक बाटल्यांहून मोलाचा आहे.

चौथें पाऊल खाणाऱ्यांचें. टर्बो आणि ट्रोकस जातींचे शंख या कामांत वाकबगार आहेत. पण ते कोंवळें शेवाळ खातात. बोटभर वाढलेलें जरड शेवाळ बहुधा खात नाहींत. म्हणून आधीं हातानें साफ करावें, मग शंख सोडावे. शेवाळ संपल्यावर ते उपाशीं मरूं नयेत, यासाठीं एकदम फार आणूं नयेत. सर्जन मासा शेवाळखाऊ म्हणून विकला जातो. पण त्याला पोहावयास मोठी टाकी लागते, आणि लहान पेटींत तो कष्टी होऊन रोगी पडतो. गोराई-मनोरीच्या खडकांवरून शंख उचलून आणण्याचा मोह तर आवरावाच. ते भरती-ओहोटीच्या पट्ट्यांत राहणारे. पाण्याबाहेर चढणें हा त्यांचा स्वभाव, आणि ज्या खडकावरून ते उचलले त्या खडकाला त्यांची गरज आपल्यापेक्षां अधिक असते.

पांचवें पाऊल म्हणजे शेवाळाला दुसरी जागा देणें. ही कल्पना मोठी चतुर आहे. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेंतील वॉल्टर एडी यांनीं १९८० च्या सुमारास प्रवाळांची मोठी टाकी चालवितांना, उजेडाखालच्या एका चाळणीवर मुद्दाम दाट शेवाळ वाढविलें आणि तें वरचेवर खरवडून काढलें. शेवाळाला हवें तें तेथें मिळाल्यामुळें प्रवाळांच्या बाजूला त्याचा जोर उरला नाहीं. घरगुती टाकींत खालच्या कप्प्यांत कीटोमॉर्फा जातीचें गुंतवळीसारखें शेवाळ ठेवून, रात्रीं त्याच्यावर दिवा लावून, दर पंधरा दिवसांनीं त्याची कापणी करतां येते. कापणी विसरली, तर सगळा खटाटोप व्यर्थ. जोडीला फेस काढणारें स्किमर यंत्र असावें; तें विष्ठा कुजण्यापूर्वींच बाहेर काढतें. फॉस्फेट शोषणारे लोहाच्या ऑक्साइडचे दाणेहि मिळतात. ते आरंभीं निम्म्या मात्रेनें वापरावे, कारण फॉस्फेट एकाएकीं उतरलें, तर प्रवाळालाच धक्का बसतो.

प्रकाशाचा प्रश्न शेवटीं घेतला, कारण लोक त्याच्यापासून आरंभ करतात आणि तेथेंच थांबतात. टाकीवर खिडकीचें ऊन येऊं देऊं नये, आणि दिवा आठ-नऊ तासांहून अधिक ठेवूं नये, एवढें पुरे. दिवसेंदिवस अंधार करून शेवाळ उपाशीं मारूं पाहिलें, तर त्याच्याबरोबर प्रवाळाच्या अंगांतील शैवलेंहि उपाशीं राहतात.

आतां त्या बाटलीविषयीं. गोड्या पाण्यासाठीं विकलीं जाणारीं कित्येक शेवाळनाशकें तांबेयुक्त असतात. तीं प्रवाळांच्या टाकींत कधींहि घालूं नयेत, कारण तांबें प्रवाळांना आणि शंखांना प्राणघातक असतें. तांबें नसलेलें औषधहि एका रात्रींत पुष्कळ शेवाळ मारतें, तेव्हां तें कुजतें. कुजतांना पाण्यांतील प्राणवायु खर्च होतो, मासे पहांटे वर येऊन धापा टाकूं लागतात, आणि शेवाळांत बांधलें गेलेलें सर्व फॉस्फेट पुन्हां पाण्यांत उतरतें. म्हणजे पुढल्या पिकाला खत तयारच.

या सर्वांत इतकी काळजी कां घ्यावी, असा प्रश्न एखादा श्रोता विचारील. प्रवाळ मेलें तर दुसरें आणूं, असें त्याला वाटेल. त्यानें हें ध्यानांत ठेवावें कीं, भारताच्या समुद्रांतील रीफ बांधणारीं प्रवाळें २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचींत आहेत. म्हणजे वाघाला जें संरक्षण, तेंच त्यांना. तीं समुद्रांतून काढणें गुन्हा आहे. म्हणून विकत घेतांना ज्याची उत्पत्ति टाकींत झाली आहे आणि ज्याचीं कागदपत्रें विक्रेता दाखवूं शकतो, तेंच प्रवाळ घ्यावें. आपल्या मुंबईच्या गढूळ पाण्यांतहि प्रवाळें आहेत, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. किनारा-मार्गाच्या कामासाठीं २०२० सालीं वरळी आणि हाजीअली येथील प्रवाळांच्या १८ लहानशा वसाहती, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मार्गदर्शनानें, उचलून दुसरीकडे बसविण्यांत आल्या. तळहाताएवढ्या वसाहतींसाठीं जेथें एवढे परिश्रम केले जातात, तेथें दिवाणखान्यांतलें प्रवाळ आळसानें मरूं देणें शोभत नाहीं.

आणि एक कर्तव्य टाकीबाहेरचें आहे. उपटलेलें शेवाळ, नको झालेले शंख किंवा टाकीचें पाणी खाडींत, नाल्यांत किंवा समुद्रांत कदापि सोडूं नये. १९८४ सालीं मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रांत कॉलेर्पा टॅक्सिफोलिया या शेवाळाचा जेमतेम एक चौरस मीटरचा तुकडा आढळला. तें मत्स्यालयांत शोभेसाठीं वाढविलें जाणारें वाण होतें. पुढल्या वर्षांत तें फ्रान्स, इटली आणि स्पेन या देशांच्या किनाऱ्यांवर पसरलें. तेंच शेवाळ २००० सालीं कॅलिफोर्नियाच्या एका खारकच्छांत सांपडलें. तेथील लोकांनीं तत्काळ त्याच्यावर ताडपत्र्या घालून, खालीं क्लोरीन सोडून तें मारलें, तरी तें नष्ट झाल्याचें जाहीर करण्यास २००६ साल उजाडलें. आपल्याकडेहि मन्नारच्या आखातांत शेतीसाठीं आणलेलें कॅपाफायकस शेवाळ कुरुसडई बेटाजवळच्या जिवंत प्रवाळांवर चढल्याचें २००८ सालीं प्रसिद्ध झालें. गोराईच्या खाडीला आधींच सोसावें लागत आहे तें पुष्कळ आहे. म्हणून काढलेलें शेवाळ गच्चीवर उन्हांत कडक वाळवून मग कचऱ्यांत टाकावें, आणि जुनें पाणी मोरींत ओतावें. पावसाचें पाणी वाहून नेणाऱ्या उघड्या गटारांत ओतूं नये.

शेवटीं काळाविषयीं दोन शब्द. वर सांगितलेल्या क्रमानें आरंभ केल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत फारसा फरक दिसणार नाहीं. खडक आपला जुना सांठा सोडीत असतात. सहाव्या-आठव्या आठवड्याच्या सुमारास नवें शेवाळ तोकडें आणि फिकें येऊं लागेल, शंख त्याला पुरे पडूं लागतील, आणि खडकावर गुलाबी-जांभळ्या रंगाचे कठीण डाग दिसूं लागतील. तेंहि एक प्रकारचें चुनायुक्त शैवलच आहे, पण तें आलें कीं टाकी स्थिरावत आहे असें समजावें. तोंवर एक साधी वही टाकीशेजारीं ठेवावी. आठवड्यांतून एकदां तींत फॉस्फेट, नायट्रेट, खारेपणा आणि उष्णमान लिहावें. किती खाद्य घातलें, किती पाणी बदललें आणि किती शेवाळ उपटलें, तेंहि लिहावें. दोन महिन्यांनीं तीं पानें चाळलीं, म्हणजे आपल्या टाकीला नेमकें काय जड जातें तें दुकानदाराला विचारण्याची गरज पडणार नाहीं. आजच्या रविवारीं एक खडक बाहेर काढून आरंभ करावा, अशी विनंति करून मी आपली रजा घेतों.